वरचं गाव, खालचं रान

नैऋत्य फ्रान्समधली डोंगरमाथ्यावरची जुनी गावं आधी खालून पाहावीत, असं माझं ठाम मत झालं आहे. बहुतेक पाहुणे मोटारीनं थेट वेशीजवळच्या वाहनतळापर्यंत जातात, दगडी गल्ल्यांतून हिंडतात, तटावरून दरीचा फोटो काढतात आणि जेवणवेळेला पुढच्या गावाला निघतात. त्यांना गाव दिसतं, पण ते तिथं का आहे हे दिसत नाही. त्यासाठी नदीकाठी उतरावं लागतं. तिथून पायवाटेनं चढायला लागलं की जमीन आपला क्रम सांगू लागते. पहिल्यांदा पुराचं पाणी येणारी कुरणं आणि पॉप्लरच्या रांगा. मग भाजीचे वाफे, धुण्याचं दगडी कुंड. त्याच्या वर गव्हाच्या नाहीतर मक्याच्या पट्ट्या, अक्रोडाची झाडं, उतारावर जुन्या द्राक्षमळ्यांचे बांध. आणि सगळ्यात शेवटी तट. राहण्यासाठी माणसांनी सगळ्यात कोरडा, सगळ्यात नापीक खडक निवडला; जिथं माती चांगली तिथं एक घर बांधलं नाही. हा हिशेब ज्यांनी केला ते शेतकरीच असणार.

मी हे नीट पाहिलं ते कोर्दला. आल्बी शहराच्या वायव्येला पंचवीसेक किलोमीटरवर, सेरू नदीच्या खोऱ्यात एका सुट्या टेकडीवर हे गाव आहे. शरदात पहाटे खोरं धुक्यानं भरतं आणि टेकडीचा माथा तेवढा वर राहतो, म्हणून ‘आकाशावरचं’ अशी जोड त्याच्या नावाला लागली. १९९३ पासून कागदोपत्रीही ते कोर्द-स्यूर-सिएल झालं. धुक्यातलं कोर्द फार सुंदर दिसतं. पण गाव वसलं त्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर धूर होता.

१२०९ मध्ये पोप तिसरा इनोसंट याच्या हाकेला ओ देऊन उत्तरेचे सरदार दक्षिणेवर चालून आले. याला धर्मयुद्ध म्हटलं गेलं, आणि ते ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांवरच केलं. तुलूझ, आल्बी, कार्कासोन या मुलखात कॅथार पंथ रुजला होता. त्यांचे व्रतस्थ लोक मांस खात नसत, शपथ घेत नसत, आणि चर्चच्या वैभवाला मान तुकवत नसत. रोमच्या दृष्टीनं ते पाखंड. वीस वर्षं हा मुलूख जळत राहिला. सिमों द मोंफोर या सेनानीनं १२१२ मध्ये कोर्दजवळचं सँ-मार्सेल उद्ध्वस्त केलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १२२२ मध्ये, तुलूझचा तरुण काउंट सातवा रेमों यानं जवळच्या टेकडीवर नवं गाव, म्हणजे कोर्द, वसवण्याची सनद दिली.

सनदेनं वसवलेल्या गावांविषयी मला फार ओढ वाटते. पुढच्या दीडेकशे वर्षांत या भागात अशी तीनशेच्या आसपास गावं उभी राहिली. कधी राजानं वसवली, कधी सरदारानं, कधी मठाची जमीन आणि राजाचं संरक्षण अशा भागीदारीत. त्यांना तिकडे बास्तीद म्हणतात. बरीचशी सपाटीवर आहेत, मध्ये चौक, चौकाभोवती कमानी, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. काही मात्र डोंगरावर चढली. मालकाचं गणित सरळ होतं: रिकामी जमीन सारा देत नाही. म्हणून त्यानं आमिष दाखवलं. घराला जागा घ्या, मळ्याला जागा घ्या, काही कर माफ, आठवडी बाजार तुमचा. कुठल्या तरी जुन्या सरदाराच्या वेठीला कंटाळलेली माणसं बायकामुलं, शेळ्या आणि बियाणं घेऊन अशा नव्या टेकडीवर आली असतील. दगडाच्या त्या भक्कम भिंतींच्या मुळाशी एक लेखी शब्द आहे, आणि त्या शब्दावर भरवसा ठेवून चालत आलेली कुटुंबं आहेत. तट नंतर बांधला गेला.

मराठी माणूस तट आणि बुरूज पाहिला की गड आठवतो. मलाही आठवले. पण इथं एक मोठा फरक आहे, आणि तो कळल्यावर ही गावं मला वेगळी दिसू लागली. आपल्याकडे गडावर शिबंदी, धान्याची कोठारं, दारूगोळा. रयत पायथ्याच्या गावात, शेताजवळ. रायगडावर बाजारपेठ होती, काही गडांच्या माच्यांवर वस्तीही होती, पण कुणबी दिवस उगवताना गडावरून नांगर घेऊन उतरत नव्हता. कोर्द, प्युईसेल्सी, नाजाक या गावांत तो उतरत होता. रयतच वर राहत होती. सकाळी वेस उघडली की बैल, गाढवं, माणसं खाली, आणि दिवेलागणीच्या आत सगळी वर. नांगरलेल्या शेतातून परत येताना शेवटचा चढ रोजचा. आजही या गावांत नदीच्या बाजूचे उतार चढले की पोटऱ्या भरून येतात, तेही पाठीवर ओझं नसताना.

आणि पाणी. कोर्दच्या माथ्यावर चौदाव्या शतकातली बाजाराची मोठी छत्री आहे: अष्टकोनी दगडी खांब, वर लाकडी तुळयांचं छप्पर. व्यापारी तिथं कापड आणि कातडी विकत. छत्रीखाली एक विहीर आहे, शंभर मीटरांहून खोल. खडकातून इतकं खाली जायला किती हातांनी किती काळ छिन्नी चालवली असेल! वेढा पडला तर पाणी वरच असावं म्हणून ती खोदली. पण एवढ्या खोलीवरून दोर ओढून गावाची रोजची तहान भागत नाही. घरोघरी छपराचं पाणी टाक्यांत साठवत, बाकीचं उताराच्या पोटातल्या झऱ्यांवरून वाहून आणत. धुणं तर खालीच जायचं. उतरताना कोरडी टोपली, चढताना ओल्या चादरींचं वजन. या भागातल्या बहुतेक गावांत छप्पर घातलेली दगडी धुण्याची कुंडं अजून आहेत, काठ आतल्या बाजूला कललेले. त्या काठांवर हात फिरवला तर मधला भाग गुळगुळीत लागतो. पर्यटनाच्या नकाशावर किल्ला, चर्च, सरदाराचं घर ठळक असतं. कुंड एखाद्या बारीक खुणेनं दाखवलेलं असतं. मला वाटतं, वरचं गाव टिकलं ते तटाइतकंच या ओल्या वाटेमुळे.

कोर्दच्या मुख्य रस्त्यावर श्रीमंत घरांची रांग आहे. जवळच्या साल गावच्या खाणीतला वालुकाश्म, फिकट करडा, संध्याकाळी किंचित गुलाबी होणारा. खिडक्यांना टोकदार जोडकमानी. एका दर्शनी भिंतीवर शिकारीचा सगळा प्रसंग कोरला आहे: कुत्रे, ससा, रानडुक्कर, धनुर्धारी. त्या कोरीव कामावरून पुढे लोकांनी घराला ‘मोठ्या शिकाऱ्याचं घर’ म्हणायला सुरुवात केली, शेजारच्याला ससाण्यांवरून ‘बाजदाराचं घर’. बांधणारे मात्र व्यापारी होते. गाव वसल्यावर शंभर वर्षांत इथं पाच हजारांहून अधिक माणसं राहत असावीत असं मानलं जातं. आता हजाराच्या आत आहेत. भरभराटीच्या काळात वस्ती तटाबाहेर सांडत गेली, तशी तटांवर तटांची कडी चढत गेली.

कोर्दवरून दक्षिणेकडे पाहिलं की नजर गायाकच्या द्राक्षमळ्यांवरून आल्बीच्या मैदानाकडे जाते. आल्बी ते तुलूझ आणि पुढचा लोरागे हा पट्टा पंधराव्या-सोळाव्या शतकात निळ्या रंगावर श्रीमंत झाला. हा रंग पास्तेल नावाच्या पिकाच्या पानांतून निघे. मोहरीच्या कुळातली ही वनस्पती, पिवळ्या फुलांची. पानं घाण्यात दळायची, लगद्याचे बेसनाच्या मोठ्या लाडवाएवढे गोळे वळायचे, ते वाळवायचे, पुन्हा फोडून ओले करून आंबवायचे. कित्येक महिन्यांनी रंगाची काळपट भुकटी हाती येई आणि युरोपभर जाई. तुलूझमध्ये प्येर दासेझा या पास्तेलच्या व्यापाऱ्यानं १५५५ मध्ये बांधायला घेतलेला वाडा अजून पाहायला मिळतो; त्याच्या विटांकडे आणि दगडी खांबांकडे पाहताना एका पानाची ही किंमत होती हे पुन्हा पुन्हा मनात येतं.

मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची यादवी पेटली, बाजार कोलमडला. त्याच सुमारास गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून दुसरी निळाई येऊ लागली: अहमदाबादजवळच्या सरखेजची, आगऱ्याजवळच्या बयानाची नीळ. दोन्ही झाडांतलं रंगद्रव्य एकच, पण नीळ कितीतरी पट दाट. १६०९ मध्ये राजा चौथा आंरी यानं नीळ वापरणाऱ्याला देहदंड फर्मावला, तरी ती थांबली नाही. लोरागेच्या शेतकऱ्यांनी पास्तेल सोडून अमेरिकेतून आलेला मका लावला. तो आजही त्या सपाटीवर उभा असतो. मी त्या मक्याच्या कडेनं चालत होतो तेव्हा मला बंगालचे आणि चंपारणचे नीळ पिकवणारे शेतकरी आठवत होते. त्यांच्या वाट्याला नफा आला नाही, सक्ती आली. एकाच रंगानं एका मुलखातल्या शेतकऱ्याचं पीक हिरावलं आणि दुसऱ्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या मानेवर जोखड ठेवलं. त्या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, आणि मला ते खटकतं.

१६८१ मध्ये मिदी कालवा सुरू झाला आणि मालाची वाट दक्षिणेकडे सरकली. डोंगरावरची गावं आडबाजूला पडली. जुनं पाडून नवं बांधण्याएवढा पैसा कुणाकडे राहिला नाही, म्हणून जुनं राहिलं. आपण ज्याला सौंदर्य म्हणतो ते पुष्कळसं या अभावानं राखलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोर्दमध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनहून भरतकामाची यंत्रं आली आणि काही दशकं घराघरांतून त्यांचा खडखडाट चालला. तोही उद्योग दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत बसला. मग चित्रकार आले. लेखक आल्बेर काम्यू येऊन गेला आणि १९५४ मध्ये कोर्दवरच्या एका पुस्तकाला त्यानं प्रस्तावना लिहिली.

फ्रान्सनं हे सगळं जपण्यासाठी जे केलं त्याचा मला आदर वाटतो. कादंबरीकार प्रॉस्पेर मेरिमे १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक झाला आणि वर्षानुवर्षं घोडागाडीनं देश पालथा घालून पडक्या चर्चांच्या नोंदी करत राहिला. १९१३ मध्ये वास्तुरक्षणाचा कायदा झाला. १९४३ मध्ये त्यात भर पडली: संरक्षित वास्तूच्या भोवतीच्या पाचशे मीटरांतलं बांधकामही परवानगीशिवाय करायचं नाही. म्हणून या गावांत खिडकीच्या झडपांना कोणता रंग द्यायचा तेही विचारावं लागतं. १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे मेयर शार्ल सेराक यांनी फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर गावांची संघटना काढली. वस्ती दोन हजारांच्या आत हवी, निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, अशा तिच्या अटी. संघटनेचा फलक लागला की माणसं येतात, उपाहारगृहं उघडतात, छपरं दुरुस्त होतात. प्युईसेल्सी हे ग्रेझीन्यच्या ओकवनाच्या कडेचं गाव विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ ढासळलं होतं. ते पुन्हा उभं केलं गेलं आणि त्याच्या अंगणात जुन्या फळझाडांची बाग राखली आहे: सफरचंदं, नाशपाती, प्लम, द्राक्षं, या प्रदेशातले शेकडो वाण. मला त्या बागेत तटापेक्षा जास्त वेळ लागला. दगड जपणारे खूप आहेत. कलम करून वाण जपणाऱ्यांना रोज, ऋतू न चुकता, तिथं असावं लागतं.

पण नोव्हेंबरात या गल्ल्यांतून चालून पाहावं. दोन्ही बाजूंना झडपा बंद. ओळीनं. उन्हाळ्यात उघडणारी घरं, पॅरिसच्या, इंग्लंडच्या, हॉलंडच्या लोकांची. त्यांनी पैसा घालून छपरं वाचवली, त्यांना दोष देणं बरोबर होणार नाही. तरी आठ महिने चुली थंड असलेलं गाव पाहताना वाईट वाटतं. पाव भाजणारा एक असतो, तोही काही ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी गाडीतून येतो. गाडीचा भोंगा वाजला की चार-पाच म्हाताऱ्या बाया टोप्या सारख्या करत बाहेर येतात. ‘बोंझूर, मादाम’ म्हटल्याशिवाय व्यवहार सुरू होत नाही. तेवढ्या वेळात कोण आजारी, कुणाची मुलगी आली, सगळं बोलून होतं.

नाजाकला मी आगगाडीनं गेलो, आणि तसंच जावं असं सुचवीन. तुलूझहून येणारी गाडी आव्हेरों नदीच्या घळीतून येते, स्टेशन दरीच्या तळाशी आहे. गाडी निघून गेली की नदीचा आवाज तेवढा उरतो. मान वर केली की डोंगराची धार, धारेवर एका ओळीत घरं, आणि टोकाला किल्ला. गावाला रुंदी नाहीच. एक रस्ता धारेवरून चालत जातो आणि त्याला लागून जे मावलं ते गाव. किल्ला १२५३ मध्ये आल्फोन्स द प्वातिए यानं नव्यानं बांधला. हा फ्रान्सचा राजा नववा लुई याचा भाऊ. धर्मयुद्धानंतरच्या तहात सातव्या रेमोंची मुलगी त्याला दिली आणि तिच्यासोबत हा सगळा मुलूख राजघराण्याकडे गेला. किल्ल्यातल्या जंग्या जवळजवळ सात मीटर उंचीच्या आहेत. एकाच फटीतून वेगवेगळ्या पातळ्यांवरून धनुर्धारी बाण मारू शकत. इतक्या उंच जंग्या मी आपल्याकडच्या कुठल्याही गडावर पाहिलेल्या नाहीत. गावात १३४४ चा दगडी हौद आहे, अखंड ग्रॅनाइटमधून कोरलेला.

किल्ल्याखालच्या चर्चजवळ मी जास्त रेंगाळलो. ते साधं, उंच, भिंती जवळजवळ उघड्या. नाजाकच्या लोकांनी कॅथारांना थारा दिला म्हणून धर्मन्यायसभेनं त्यांना दंड केला: स्वतःच्या खर्चानं चर्च बांधा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ते बांधलं. ज्या श्रद्धेसाठी शेजारी जाळले गेले, तिच्या विरुद्धच्या श्रद्धेचं मंदिर आपल्या हातांनी उभारायचं. दगड खालून वर न्यायचे, चुना भाजायचा, आणि मग रविवारी त्यातच गुडघे टेकायचे. गवंड्यांनी काम चांगलं केलं आहे. कोपरे सरळ आहेत, कमान सुबक आहे. सक्तीचं काम वाईट करून सूड घेता आला असता. त्यांनी घेतला नाही. की चांगलं काम करणं हाच त्यांचा स्वाभिमान होता? मी बराच वेळ बाकावर बसलो होतो.

नाजाकच्या किल्ल्यानं दुसरं बंडही पाहिलं. १६४३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धाचे कर असह्य झाल्यावर, रुएर्गचे शेतकरी उठले. क्रोकाँ म्हणत त्यांना. त्यांनी नाजाकचा किल्ला घेतला. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी जाँ पती हा जवळच्या व्हिलफ्रांश गावचा शस्त्रवैद्य. बंड मोडलं, आणि त्याला व्हिलफ्रांशमध्ये चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. फ्रान्सभर लहान मुलं जाँ पतीच्या नाचाचं एक गाणं म्हणतात: बोट नाचतं, हात नाचतो, पाय नाचतो, एकेक अवयव वाढत जातो. ते गाणं या मरणाची आठवण आहे असं त्या भागात सांगतात. व्हिलफ्रांशच्या चौकात गुरुवारचा बाजार फार देखणा भरतो: चीज, मध, अक्रोड, लसणाच्या माळा. कमानींखाली लोक कॉफी पितात. तो मला आवडला, आणि त्याच्या फरशीवर काय झालं होतं हे डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही एकदमच पाहावं लागतं.

प्रत्येक गावात, चर्चसमोर किंवा ग्रामकार्यालयासमोर, १९१४-१८ च्या युद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. फ्रान्सची १३-१४ लाख माणसं त्या युद्धात मेली, आणि त्यांत शेतकऱ्यांची मुलं फार होती. डोंगरावरच्या लहान गावात नावांची यादी वाचताना एकच आडनाव तीनदा, चारदा येतं. भाऊ, चुलतभाऊ. ज्या गावात आज पन्नास-साठ माणसं राहतात तिथं वीस-पंचवीस नावं. कुणी नांगर धरायचा, कुणी बांध सावरायचा? पाठोपाठ रेल्वेनं आणि कारखान्यांनी उरलेली मुलं नेली. त्याआधी, १८७० च्या दशकापासून, फायलोक्सेरा नावाच्या मुळं पोखरणाऱ्या किडीनं द्राक्षमळे मारले होते. १८५१ च्या सुमारास शेजारच्या लॉत जिल्ह्यात तीन लाखांच्या जवळ माणसं होती. आज पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत.

नाजाकच्या वायव्येला गेलं की चुनखडीची पठारं लागतात. त्यांना कोस म्हणतात. वर मूठभर माती, खाली भेगाळलेला खडक. पाऊस पडतो आणि नाहीसा होतो, जमिनीखालून वाहतो. खुरटे ओक, जुनिपर, आणि मैलोन् मैल दगडी गडगे, चुन्याशिवाय रचलेले. कोकणातल्या सड्यावर वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. एक म्हातारा शेतकरी पडलेला गडगा लावत होता. मी विचारलं, एवढ्या भिंती कशासाठी, जमीन तर एवढी मोलाची दिसत नाही. तो म्हणाला, “दगड उचलला नाही तर पेरता येत नाही. उचललेला कुठंतरी ठेवायला तर हवा!” आणि पुन्हा कामाला लागला. शेताच्या कडेला दगडांचीच गोल झोपडी होती, वर दगडांचाच घुमट. पावसात मेंढपाळानं आत शिरावं म्हणून. इथल्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती आणि कानांवर काळा रंग असतो. त्या या कोरड्या गवतावर जगतात. 

जागोजागी कबुतरखाने दिसतात, कधी चार दगडी पायांवर, कधी घराच्या कोपऱ्याला मनोऱ्यासारखे. उत्तर फ्रान्समध्ये कबुतरं पाळणं हा सरदारांचा हक्क होता. दक्षिणेत तेवढं बंधन नव्हतं, म्हणून साध्या शेतकऱ्यांनीही ते बांधले. मांस मिळे, पण खरी दौलत म्हणजे विष्ठा. मळ्याला, भाजीला तेच खत. ते मोजून वाटत. मातीची भूक किती होती ते त्या देखण्या मनोऱ्यांवरून कळतं.

पठार जिथं तुटतं तिथं लॉत नदी आहे, आणि कड्याच्या ओठावर, पाण्यापासून शंभरेक मीटर वर, सँ-सीर-लापोपी. बुझिएसहून नदीकाठानं तिकडे जाणारी वाट मी पाहिलेल्या वाटांपैकी सर्वांत सुंदर. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी आणि माणसांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती कड्याच्या पोटात कोरून काढली. डोक्यावर खडकाचं छत, बाजूला हिरवं पाणी. काओरची वाइन या नदीनं बोर्दोला जायची. वरच्या गावातले कारागीर लेथवर पिंपांच्या तोट्या करत, बुई या कठीण, पिवळ्या लाकडाच्या. म्हणजे खालच्या मळ्यात द्राक्ष, उतारावर बुईची झुडपं, वर लेथ, आणि नदीत नाव: एकच धागा. रेल्वेनं नाव संपवली, किडीनं मळा, आणि मग तोटीचं काम नव्हतं. कवी आंद्रे ब्रेतों १९५० मध्ये इथं आला, इथल्या प्रेमात पडला, घर घेतलं आणि मरेपर्यंत उन्हाळे इथंच काढले. त्याच्यामुळे गाव जगाला कळलं. आता पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी बुईची झुडपं कित्येक उतारांवर खाऊन वाळवली आहेत. वाटेवर ती करड्या काटक्यांसारखी उभी दिसतात.

या प्रदेशाविषयी निराशा वाटावी असं नाही. मध्ययुगात इथं पिकणारं केशर काही शेतकऱ्यांनी गेल्या तीसेक वर्षांत पुन्हा लावलं. ऑक्टोबरात पहाटे वाकून फुलं खुडतात, दीडशेच्या आसपास फुलांचं एक ग्रॅम होतं. दर वसंतात रोकामादूरकडून ल्युझेककडे शेकडो मेंढ्यांचा कळप पायी नेतात, सोडून दिलेल्या उतारांवरचं झुडूप त्यांनी चरावं, रान मोकळं राहावं, उन्हाळ्यात वणवा पेटू नये म्हणून. गावोगावचे लोक सोबत चालतात.

पठारावरच्या एका गावाखाली मला तिशीतली एक मेंढपाळ भेटली. जुन्या द्राक्षमळ्याच्या बांधांवर तिची मेंढरं चरत होती. मला वाटलं ती वरच्या गावातली. ती म्हणाली, “नाही हो, मी खाली राहते, पंधरा किलोमीटरवर, नव्या वसाहतीत. रोज व्हॅननं येते. वर भाड्यानं घर मिळत नाही. सगळी उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्यानं जातात.” कोकरं होण्याच्या दिवसांत ती रात्री व्हॅनमध्येच झोपते. आठशे वर्षांपूर्वी याच मुलखात रानात राबणाऱ्याला वर घर देण्यासाठी सनदा लिहिल्या गेल्या होत्या. आता घरं वर आहेत आणि राबणारी खाली.

काही गावांनी यावर मार्ग काढला आहे. पाद्र्याचं रिकामं घर किंवा बंद पडलेली शाळा ग्रामपंचायत दुरुस्त करते आणि कमी भाड्यानं कायम राहणाऱ्या कुटुंबाला देते. ती मेंढपाळ असंच एक घर मागत होती, शाळेच्या वरचे दोन मजले. मी विचारलं, मिळालं तर काय करशील? तिनं उताराकडे हात दाखवला. झुडपांनी भरलेले आणखी चार बांध होते. घर मिळालं तर तेवढे तिला या हिवाळ्यातच साफ करायचे होते.